गोल कागदावरची नावे

जुन्या तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद आपण सहसा वाचत नाही. सुई तिथवर पोचते तेव्हा गाणे संपलेले असते आणि हात तबकडी उलटवण्याच्या घाईत असतो. वस्तुतः त्या कागदावर बराच मजकूर असतो. वरच्या बाजूला कंपनीचे नाव ठसठशीत, कडेला अनुक्रमांक, मधोमध गाण्याचे शीर्षक, त्याखाली गायकांचे नाव, आणि या सर्वांत बारीक अक्षरांत, कंसात, गाणे रचणाऱ्याचे नाव. अमेरिकेतील डू-वॉप संगीताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा आमच्या असे ध्यानात आले, की या संगीतातील पुष्कळशी भांडणे त्या कंसातल्या बारीक अक्षरांवरून झाली. आणि या संगीताच्या संग्राहकांचे वेडही त्याच कागदाभोवती फिरत राहिले. एकाला त्या कागदावर कोणाचे नाव आहे याची चिंता, दुसऱ्याला तो कागद कोणत्या रंगाचा आहे याची. या दोन चिंतांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या संगीताविषयी थोडे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये चार-पाच पोरे एकत्र जमून गात असत. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसे. तेव्हा वाद्यांचे काम गळ्यानेच करावयाचे. एक मुख्य आवाज, वर तरंगणारा एक उंच पुरुषी आवाज, खाली खर्जातला एक, आणि मधले दोघे ताल व स्वरमेळ सांभाळणारे. हे मधले आणि खालचे गायक जी निरर्थक अक्षरे घोळवीत, त्यांवरूनच पुढे या प्रकाराला डू-वॉप हे नाव पडले. आपल्याकडे तराण्यातील अक्षरांना अर्थ नसतो, पण त्यांवाचून तराणा होत नाही, तसेच काहीसे. गंमत अशी, की हे नाव रूढ झाले ते १९६०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे या संगीताचा बहर ओसरू लागल्यावर. गाणाऱ्यांना आपण डू-वॉप गातो आहोत याचा पत्ता नव्हता. जिने, शाळांची प्रसाधनगृहे, भुयारी रेल्वेचे बोगदे, चर्चची तळघरे, जिथे आवाज घुमतो अशी कोणतीही जागा त्यांना चाले. संघांना पक्ष्यांची नावे ठेवण्याची तर साथच होती: रेव्हन्स, ओरिओल्स, क्रोज, फ्लेमिंगोज, पेंग्विन्स.

हे गाणे तबकडीवर आले कसे? मोठ्या कंपन्यांना या वस्त्यांत रस नव्हता. युद्धकाळात एक वेगळीच अडचण झाली. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि ती लाख मुख्यत्वे भारतातून जाई. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुंब आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तीच ही. १९४२ साली अमेरिकी सरकारने लाखेच्या मुलकी वापरावर कडक मर्यादा घातली. माल मोजका, म्हणून मोठ्या कंपन्यांनी तो खात्रीने खपणाऱ्या गायकांसाठी राखला आणि कृष्णवर्णीयांचे संगीत जवळजवळ वाऱ्यावर सोडले. युद्ध संपल्यावर ही मोकळी जागा शेकडो लहान कंपन्यांनी भरून काढली. एखादे दुकान चालवणारा, एखादा माजी वादक, एखादा बारमालक, असे कोणीही थोडे भांडवल घालून कंपनी काढी. ध्वनिमुद्रण भाड्याच्या खोलीत, तबकड्या दुसऱ्याच्या कारखान्यात, विक्री तिसऱ्याच्या हातात. या कंपन्या नसत्या तर हे संगीत कोणाच्या कानी पडले नसते, हे प्रथम मान्य करावयास हवे. त्यांच्या मालकांना सरसकट खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण त्याने इतिहास कळत नाही.

भांडणे कळण्यासाठी पैशाची वाट कळली पाहिजे. १९०९च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे गाण्याच्या प्रकाशकाला व रचनाकाराला मिळून दोन सेंट द्यावे लागत. रेडिओवर गाणे वाजले, की त्याचेही मानधन रचनाकाराला आणि प्रकाशकालाच. ज्याचा आवाज हवेतून जातो आहे त्या गायकाला काही नाही. गायकाचा हिस्सा करारावर अवलंबून, आणि त्या करारातून ध्वनिमुद्रणाचा खर्च, कपडे, प्रवास हे सर्व आधी वजा होई. म्हणजे गाणे गाजले तर दीर्घकाळ वाहत राहणारा एकच झरा होता, तो कंसातल्या नावाकडे जाणारा. मग त्या कंसात आपले नाव घालण्याचा मोह कंपनीच्या मालकाला, दलालाला, रेडिओच्या निवेदकाला पडला यात नवल नाही. मूनग्लोज या संघाच्या १९५४च्या ‘सिन्सिअर्ली’ या गाण्यावर हार्वी फुक्वाच्या जोडीला प्रसिद्ध निवेदक अ‍ॅलन फ्रीड याचे नाव रचनाकार म्हणून छापलेले आहे. ज्याच्या हाती गाणे वाजवणे किंवा न वाजवणे होते त्याचे नाव कंसात यावे, याचा अर्थ वाचकांनी लावावा.

*

पहिले उदाहरण लॉस एंजेलिसचे. १९५४ साली पेंग्विन्स नावाच्या चार तरुणांच्या संघाने ‘अर्थ एंजल’ हे गाणे एका घराच्या मोटार ठेवण्याच्या खोलीत ध्वनिमुद्रित केले. संघाचे नाव कूल सिगरेटच्या जाहिरातीतील पेंग्विनवरून घेतलेले. कंपनी डूटोन, तिचा मालक डूट्सी विल्यम्स हा स्वतः कृष्णवर्णीय वादक. हे मुद्रण केवळ नमुन्यादाखल होते, पुढे त्यावर वाद्यांची सजावट चढवावयाची होती. पण ते कच्चे मुद्रणच रेडिओवर वाजले आणि मागणी इतकी वाढली, की लहानशा कंपनीला ती पुरवता येईना. सांगतात, की लेबलांचा कागद संपला आणि हाताला लागेल त्या रंगाचा कागद वापरावा लागला. आज संग्राहक याच रंगांवरून पहिली प्रत कोणती व नंतरची कोणती याचा वाद घालतात. त्या रंगांमागे काही योजना नव्हती. होती ती एका लहान धंद्याची तारांबळ, अपेक्षेबाहेरच्या यशाने उडालेली.

त्या यशाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. क्रू-कट्स या गौरवर्णीय कॅनडियन चौकडीने तेच गाणे मर्क्युरी या मोठ्या कंपनीसाठी गायिले आणि लोकप्रियतेच्या सर्वसाधारण यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. पेंग्विन्स आठव्यावर थांबले. अशा अनुकरणाला कायद्याचा अडसर नव्हता. १९५० साली लॉस एंजेलिसमधीलच सुप्रीम या लहान कंपनीने डेक्का या बलाढ्य कंपनीवर दावा लावला होता, की आमच्या गाण्याची मांडणी, ढंग, सगळे जसेच्या तसे उचलले आहे. न्यायाधीशांनी तो फेटाळला. गाण्याच्या अशा मांडणीवर मालकी सांगता येत नाही, असा निर्णयाचा आशय. मूळ गाण्याचे दोन सेंट दिले, की चाल घ्या, लकब घ्या, श्वास घेण्याच्या जागासुद्धा घ्या. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण अमेरिकेत मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२पासून, आणि तेही त्या तारखेनंतरच्या मुद्रणांना. म्हणजे डू-वॉपच्या सुवर्णकाळातील आवाज त्यातून वगळलेलेच राहिले.

पेंग्विन्स डूटोनवर नाराज होतेच. त्यांनी बक रॅम या व्यवस्थापकाला गाठले. रॅमने १९५५ साली मर्क्युरीशी सौदा केला: पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा एक संघही घ्यावा लागेल. तो दुसरा संघ म्हणजे प्लॅटर्स. त्याच वर्षी प्लॅटर्सचे ‘ओन्ली यू’ गाजले आणि पुढे ते जगप्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी सौदा झाला त्या पेंग्विन्सना तसे यश पुन्हा लाभले नाही. ज्या कंपनीने त्यांच्या गाण्याची नक्कल विकून त्यांचा खप मारला, तिच्याच दारात ते जाऊन बसले होते. इकडे ‘अर्थ एंजल’ रचले कोणी, हा वाद न्यायालयात गेला. संघातील कर्टिस विल्यम्स एकटा की जेसी बेल्व्हिन आणि गेनेल हॉज हेही? शेवटी तिघांची नावे लागली. पण गाण्याच्या हक्कांची चावी डूट्सी विल्यम्सकडेच राहिली. या तिघांपैकी हॉज तेव्हा पेंग्विन्समध्ये नव्हताच. एकाच वस्तीतील पोरे आज या संघात, उद्या त्या संघात गात. एक ओळ एकाची, दुसरी दुसऱ्याची, चालीचा तुकडा कोठून तरी उचललेला. रस्त्याच्या कोपऱ्यावर जन्मलेल्या गाण्याला एकच बाप शोधणारा तो कागद आणि तो कायदा, दोन्ही मुळातच त्या गाण्याच्या घडणीशी विसंगत होते.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. १९५६च्या आरंभी न्यूयॉर्कच्या जी या लेबलवर ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ प्रसिद्ध झाले. लेबलचे नाव क्रोज या संघाच्या ‘जी’ या गाण्यावरून. मालक जॉर्ज गोल्डनर. गाणारे पाच शाळकरी मुलगे मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातले, तिघे कृष्णवर्णीय आणि दोघे पोर्तो रिकन. मुख्य आवाज फ्रँकी लायमनचा, वय १३. स्वामित्वहक्काच्या नोंदणीत रचनाकार म्हणून दोन नावे होती: लायमन आणि गोल्डनर. गोल्डनरला जुगाराचे व्यसन होते. त्यापायी १९५७ साली त्याने आपल्या कंपन्यांतील हिस्सा मॉरिस लेव्ही याला विकला. पुढे आणखी दोन कंपन्या काढल्या आणि त्याही त्यालाच विकल्या. पुढे या गाण्याच्या कंसात गोल्डनरच्या जागी लेव्हीचे नाव दिसू लागले. गाणे रचले गेले तेव्हा जो माणूस त्या खोलीच्या आसपासही नव्हता तो त्याचा सहरचनाकार झाला. दुकान विकताना फळीवरचा मालही सोबत जावा तसा.

लायमन १९६८ साली हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावला. वय अवघे २५. १९८१ साली डायना रॉसने हे गाणे पुन्हा गायिले, ते गाजले, पैसा वाहू लागला, आणि त्याची पत्नी म्हणवणाऱ्या तिघी न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक प्लॅटर्सची गायिका झोला टेलर. १९९० साली अपील न्यायालयाने त्यांतील तिसरीच्या, म्हणजे त्याने शेवटी जिच्याशी लग्न केले होते तिच्या बाजूने निकाल दिला. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा खटला निराळा आहे. संघातील हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट या दोघांनी १९८७ साली दावा लावला, की हे गाणे आमचे आहे. लेव्हीने धमकावले म्हणून इतकी वर्षे गप्प बसलो, असे त्यांचे म्हणणे. १९९२ साली ज्यूरीने त्यांचे म्हणणे खरे मानले: गाणे या दोघांनी लायमनसह रचले. ३६ वर्षांनी न्याय मिळाला, असे वाटते न वाटते तोच १९९६ साली अपील न्यायालयाने तो फिरवला. कारण? असा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. रचना कोणाची याविषयीचे ज्यूरीचे मत खोडून काढलेले नव्हते. फक्त ते विचारण्याची मुदत टळून गेली होती. सत्य एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला, आणि कागद कायम. लेव्ही तेव्हा हयात नव्हता. खंडणीच्या कटात १९८८ साली दोषी ठरून शिक्षा भोगण्याआधीच १९९० साली तो वारला होता. नाव मात्र कंसात राहिले.

*

आता आपण न्यूयॉर्कच्याच क्वीन्स विभागातील जमैका या वस्तीत येऊ. आमच्या लेखाचे दोन्ही धागे, हक्कांचे आणि दुर्मिळतेचे, या एका वस्तीत एकत्र येतात.

जेम्स शेपर्ड हा तिथल्या हार्टबीट्स या संघाचा मुख्य गायक. त्याची प्रेयसी दूर टेक्सासला राहावयास गेली आणि त्या विरहातून ‘अ थाउजंड माइल्स अवे’ हे गाणे झाले. १९५६ साली ते हल या अगदी लहान कंपनीने काढले. गाणे चालू लागताच, ते पेलणे हलला जड गेले. ते गोल्डनरच्या रामा या लेबलकडे गेले, आणि गाण्याचे हक्कही त्या वर्तुळात गेले. हलचा कागद असलेल्या मूळ प्रती थोड्या, रामाच्या पुष्कळ. आज संग्राहक पहिल्यांसाठी जीव टाकतात. आवाज दोन्हींत तोच आहे.

हार्टबीट्स मोडला. शेपर्डने दोघांना घेऊन नवा संघ काढला, शेप अँड द लाइमलाइट्स, आणि १९६१ साली पुन्हा हलकडेच जाऊन ‘डॅडीज होम’ गायिले. हे पहिल्या गाण्याचे उत्तर होते: हजार मैलांवरचा माणूस घरी परतला आहे. शेपर्डने नंतरही ही कथा गाण्यांतून पुढे चालवली. लग्नाची पायरी आली, वाढदिवस आला. एका प्रेमाची मालिका तबकड्यांवर लिहिण्याचा तो एक विलक्षण प्रयत्न होता. ‘डॅडीज होम’ लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. आणि मग ज्या प्रकाशनसंस्थेकडे पहिल्या गाण्याचे हक्क गेले होते तिने दुसऱ्या गाण्याच्या प्रकाशनसंस्थेवर दावा लावला: हे आमच्या गाण्याचे अनुकरण आहे! दोन्ही गाणी एकाच माणसाची, एकाच्या पोटातून दुसरे निघालेले, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळावे हाच तर हेतू. पण कायद्याच्या नजरेत पहिले गाणे आता परक्याच्या मालकीचे होते, आणि शेपर्डने स्वतःच्याच घरातून चोरी केली होती. हलची बाजू हरली. १९६६पर्यंत लाइमलाइट्स संघ आणि हल कंपनी दोन्ही संपले. १९७०च्या जानेवारीत शेपर्डचा मृतदेह न्यूयॉर्कजवळच्या महामार्गावर त्याच्या मोटारीत सापडला. त्याला मारहाण करून लुटले होते. ‘डॅडीज होम’ मात्र जगत राहिले. १९७२च्या सुमारास जर्मेन जॅक्सनने, १९८१ साली क्लिफ रिचर्डने ते पुन्हा गाजवले.

शेपर्डच्या त्या दोन साथीदारांपैकी एक क्लॅरेन्स बॅसेट. याची कथा दहा वर्षे मागे जाते. १९५२च्या अखेरीस याच जमैका वस्तीतील फाइव्ह शार्प्स नावाच्या पोरांच्या संघात तो होता. त्यांनी ज्युबिली कंपनीसाठी ‘स्टॉर्मी वेदर’ हे १९३३चे जुने प्रसिद्ध गाणे अतिशय संथ लयीत गायिले. आरंभी मेघगर्जनेचा आवाज घातलेला. तबकडी निघाली आणि बुडाली. कोणी घेतली नाही, कोणी वाजवली नाही, संघही विरून गेला. गाणे जुने व दुसऱ्याचे, त्यामुळे कंसातल्या नावावरून भांडण्यासारखेही काही उरले नव्हते.

पुढे १९६०च्या सुमारास मॅनहॅटनमध्ये ४२व्या रस्त्यानजीकच्या भुयारी रेल्वेच्या गाळ्यांत आयर्व्हिंग रोझ, ज्याला सगळे स्लिम म्हणत, याचे टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स हे दुकान नावारूपास आले. पाच-सहा वर्षांपूर्वी कवडीमोलाने विकल्या गेलेल्या तबकड्या तरुण पोरे तिथे शोधीत येत, आणि स्लिम भिंतीवर यादी लावी: अमुक तबकडी आणा, अमुक डॉलर घेऊन जा. अशा तऱ्हेने नव्या शिळ्याची किंमत ठरू लागली. एका संग्राहकाने फाइव्ह शार्प्सची ७८ची प्रत स्लिमला ऐकवण्यास दिली आणि ती दुकानात फुटली. दुकानात पाळलेले रॅकून तिच्यावर बसले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. स्लिमने दुसऱ्या प्रतीसाठी जाहिरात लावली, रक्कम वाढवीत नेली; प्रत येईना. ज्युबिलीकडे मूळ मुद्रण उरले नव्हते. मागणी आहे असे पाहून कंपनीने १९६४ साली काय करावे? दुसऱ्याच गायकांकडून तेच गाणे गाऊन घेतले आणि फाइव्ह शार्प्स याच नावाने विकले. लाखेची तबकडी फुटते. कागदावर छापलेले नाव कोणत्याही आवाजाला चिकटवता येते.

अखेर १९७२ साली ‘बिम बॅम बूम’ या संग्राहकांच्या नियतकालिकाने एक तडा गेलेली मूळ प्रत मिळवून तिच्यावरून गाणे पुन्हा काढले. १९७७ साली दुसरी एक प्रत ३,८६६ डॉलरना विकली गेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती आजवर पुढे आल्या आहेत. या गाण्याची बनावट ४५ची तबकडी मात्र बाजारात आली. अशी बनावट ओळखण्याची एक विद्याच या मंडळींनी सिद्ध केली आहे. सुईची चर संपते आणि कागद सुरू होतो त्यामधील गुळगुळीत पट्टीवर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो यंत्राने ठोकला आहे की हाताने खरडला आहे, कोणत्या कारखान्याची खूण आहे, कागदाचा पोत कसा, अक्षरांचा वळसा कसा, पारदर्शक लाल प्लास्टिक आहे की काळे. पोथीच्या पाठभेदांवरून तिची परंपरा ठरवणाऱ्या संशोधकाचीच ही दृष्टी. आणि ती व्यर्थ नाही. फ्लेमिंगोज संघाचे ‘गोल्डन टिअरड्रॉप्स’ हे १९५३चे गाणे शिकागोच्या चान्स कंपनीने काढले होते. १९६१ साली व्ही-जे कंपनीने ते पुन्हा काढताना त्यावर गिटार चढवली. ज्यांनी केवळ दुसरी तबकडी ऐकली, त्यांनी ते गायक गायिले तसे ऐकलेच नाही. हे सांगू शकतो तो चान्सची प्रत जपून ठेवणारा माणूस.

*

येथे आम्हांला एक गोष्ट अस्वस्थ करते. तबकडी दुर्मिळ का होते? ती खपली नाही म्हणून. कंपनी बुडाली, दलालाने पैसे दिले नाहीत, दुसऱ्याची नक्कल अधिक खपली, मोठ्या लेबलने गाणे उचलले, म्हणून. संग्राहक ज्या गुणासाठी हजारो डॉलर मोजतो तो गुण म्हणजे गायकाच्या वाट्याला आलेल्या अपयशाचे माप आहे. त्या ३,८६६ डॉलरपैकी एक सेंटही फाइव्ह शार्प्सच्या गायकांना मिळणे कायद्याने शक्य नव्हते. जुन्या वस्तूच्या फेरविक्रीत कलावंताचा वाटा नसतो. तेव्हा ‘हे तर दुःखाचा लिलाव करणारे लोक’ असे म्हणून मोकळे होता येईल. आम्ही तसे म्हणणार नाही. कारण याच लोकांनी विस्मृतीत गेलेल्या गायकांना हुडकून काढले, कोण कोणता आवाज गात होता ते विचारले, संघांची वंशावळ लिहून ठेवली. सँटियागो आणि मर्चंट यांना न्यायालयाने मुदत संपल्याचे सांगितले. संग्राहकांच्या नियतकालिकांत अशी मुदत नव्हती. तिथे वीस वर्षांनी आलेल्या माणसालाही ‘ते गाणे मी गायिलो’ असे सांगता येत होते आणि कोणीतरी ते टिपून घेत होते. कंसातले नाव त्यांना बदलता आले नाही, पण ते खोटे कोठे आहे याची नोंद त्यांच्यामुळे राहिली.

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील एक लहानशी रीत या संदर्भात आठवते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले, आणि गाणे संपताच तिने स्वतःच्या आवाजात आपले नाव उच्चारले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी अशी घोषणा ऐकू येते. कारण व्यावहारिक होते: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनत आणि तिथल्या कारागिराला कोणत्या गाण्यावर कोणते लेबल चिकटवायचे ते कळावे. पण परिणाम असा झाला, की कागद फाटला, पुसला गेला, चुकीचा लागला तरी तबकडी स्वतः साक्ष देते. डू-वॉपच्या पोरांना ही सोय नव्हती. त्यांची सगळी ओळख त्या गोल कागदाच्या हवाली होती.

परिस्थिती थोडी बदलली आहे. २०१८ साली अमेरिकेत संमत झालेल्या संगीतविषयक कायद्याने १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनाही अंकीय प्रसारणाच्या मानधनाच्या कक्षेत आणले. उपग्रह आणि आंतरजालावरील रेडिओने जुने गाणे वाजवले तर गायकांना वाटा देणे आले. साध्या रेडिओवर मात्र आजही गायकाला काही मिळत नाही. शिवाय हा वाटा द्यावयाचा तर गाणारा कोण हे ठाऊक हवे, म्हणजे पुन्हा नोंद हवी, पुन्हा नावच हवे. ज्युबिलीच्या १९५२च्या तबकडीवर ‘द फाइव्ह शार्प्स’ एवढेच छापलेले आहे. १९६४च्या तबकडीवरही तेच. दोन्ही कागद समोर ठेवले तर खरे कोण ते कळत नाही. त्यासाठी तबकडी ऐकावी लागते, आणि ती ऐकू शकतो, कारण तडा गेलेली असूनही कोणीतरी ती फेकून दिली नाही.